टिकलीची टोचणी

१२ जून

प्रिय वन्सं,

तुला वन्सं म्हटलेलं आवडत नाही, माहीत आहे. म्हणूनच म्हणते. फोन न करता पत्र लिहितेय, कारण आमच्या घरात भिंतींना नसतील, पण टिकलीला कान आहेत. मी फोन घेऊन गॅलरीत गेले की ही पाण्याचा पेला घेऊन मागे येते आणि घोट घोट पीत सगळं ऐकते. आठ वर्षांच्या मुलीसमोर तिच्याच गुडघ्यांविषयी किती कुजबुजणार?

बातमी चांगली आहे. नवी टोचणी लागू पडली. परवा टिकली जिना उतरली. कठडा न धरता. तुझा दादा पाणीपुरवठ्याच्या पंपावरून आला होता, बूट काढत होता. एक बूट पायात, एक हातात, तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "आता चढून दाखव." तिनं चढून दाखवलं.

डॉक्टरबाईंनी मला पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारलं. रोज संध्याकाळी चढणारा आणि सकाळी गायब होणारा ताप, तापाबरोबर अंगावर उमटणारे गुलाबी ठिपके, मग सुजलेली मनगटं. आधी सगळे म्हणत होते की कसलासा संसर्ग आहे. मग नको त्या आजाराची शंका आली आणि तिच्या हाडातलं पाणी काढून तपासलं. मग त्या गोळ्या, ज्यांनी ताप गेला पण तिचा चेहरा फुगला आणि उंची थांबली. वर्गातल्या मुलांनी तिला भोपळा म्हणायला सुरुवात केली. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी हे सगळं दुसऱ्या कुणाच्या मुलीविषयी सांगितल्यासारखं सांगतेय. इतकं बरं चाललंय सध्या.

आणि आता डॉक्टरबाई म्हणतात, या औषधावरच्या अभ्यासाचा दुसरा टप्पा आहे. ज्या मुलांचा आजार शांत झालाय त्यांच्या चिठ्ठ्या टाकणार. निम्म्यांना औषध चालू, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचणार. कुणाला काय, हे आईबापांना सांगणार नाहीत. डॉक्टरबाईंनाही कळणार नाही म्हणे. सही करायची की नाही हे आमच्यावर सोडलंय.

तू त्याच अभ्यासात आहेस. रक्ताच्या नळ्या तुझ्याकडेच येतात. म्हणून सरळ विचारते, चिठ्ठी कोण टाकतं? आपली एकच मुलगी आहे गं. तुझ्या भावाची आहे. यापेक्षा जास्त लिहीत नाही, तुला कळेल.

तुझी वहिनी


२० जून

प्रिय वहिनी,

जिन्याचं वाचून पत्र तिथंच खाली ठेवलं आणि जरा फिरून आले. प्रयोगशाळेत डोळे पुसायची सोय नाही, हातमोजे असतात.

चिठ्ठी यंत्र टाकतं. माझ्याकडे नळ्या येतात त्यांच्यावर फक्त आकडे असतात. पण तुझा खरा प्रश्न वेगळा आहे, की चांगलं चाललंय तर हात कशाला लावायचा. त्याचं उत्तर देते.

या आजाराविषयी बोलताना लोक पहारेकऱ्याची गोष्ट सांगतात, की शरीराचे पहारेकरी घरच्याच माणसांना मारायला लागतात. मला ती तितकीशी पटत नाही. टिकलीच्या बाबतीत मला घंटेची वाटते. चोर आल्यावर वाजावी अशी एक घंटा आपल्या सगळ्यांत असते. हिची चोर नसताना वाजते. आणि ती वाजली की सगळं घर उठून धावत सुटतं, त्या धावपळीनंच सामानाची मोडतोड होते. टोचणी काय करते, तर त्या घंटेत कापडाचा बोळा कोंबते. घर शांत होतं. पण घंटा बरी झाली, की नुसती दाबून ठेवली आहे, हे बोळा काढल्याशिवाय कुणालाच कळत नाही. म्हणून आज मुलांना ही टोचणी वर्षानुवर्षं देत राहतात. काहींना गरज असते. काहींना बहुधा नसते. कोणाला नसते ते ओळखता येत नाही. आणि बोळा कायमचा ठेवायचा, तर उद्या खरा चोर आला तरी घंटा वाजायची नाही, ही भीती आहेच.

दुखणं जरा जरी परत आलं तरी त्याच दिवशी चिठ्ठीबिठ्ठी बाजूला ठेवून खरं औषध देतात. हे लेखी आहे. तू ते वाच, आणि दादालाही वाचायला लाव. त्याला वाचायचा कंटाळा आहे म्हणून मोठ्यानं वाचून दाखव.

सही कर किंवा करू नकोस, मी त्यात बोलणार नाही. टिकली चांगल्या हातांत आहे, एवढंच लिहू शकते. यापुढचं मला विचारू नकोस.

तुझी (वन्सं नसलेली)


९ जुलै

प्रिय वन्सं,

सही केली. तुझ्या पत्राची शेवटची ओळ वाचली आणि मग दादासमोर पुन्हा वाचली. शहाण्याला शब्दाचा मार. आता पुढचं विचारत नाही, तुझी अडचण मी समजू शकते. फक्त एवढंच, की त्या दिवसापासून मला शांत झोप लागते.

महिन्यातून एक दिवस टोचणीचा. त्या मोठ्या खोलीत सगळी मुलं खेळतात आणि सगळ्या आया एकमेकींच्या मुलांच्या घोट्यांकडे बघत बसतात. माझी तिथं एक मैत्रीण झाली आहे. तिची मुलगी टिकलीहून वर्षानं मोठी, नेहमी खिडकीच्या कट्ट्यावर बसते, म्हणून आम्ही तिला खिडकीवाली म्हणतो. तिचाही आजार तोच, तिचीही चिठ्ठी टाकलेली. तिची आई शाळेत गणित शिकवते. मी चष्म्याच्या दुकानात आहे कळल्यावर तिनं पहिल्याच भेटीत नाकावरचा चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "डावीकडून घसरतो." मी केसातली पिन काढून तिथल्या तिथं आवळून दिला. त्यानंतर आमची जमलीच.

मुलींचं तर विचारूच नकोस. दोघींनी मिळून नर्सचं नाव सुईबाई ठेवलंय. सुईबाईला ते कळलंय आणि ती आता त्याच नावानं सही करते, मुलींच्या हातावरच्या पट्टीवर.

वहिनी


१७ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

उशीर झाला. इथे बऱ्याच उलथापालथी चालल्या आहेत. मी सध्या दुसऱ्या टेबलावर आहे, अगदी लहान बाळांच्या रक्तावरचं काम बघते. जुनं काम माझा सहकारी बघतो. तो चांगला आहे, फक्त जेवताना बोलतो.

तुला शांत झोप लागते हे वाचून बरं वाटलं. गोष्ट समजून घेतलीस तेही बरं झालं. सुईबाईंना माझा नमस्कार सांग. अशी माणसं असतात म्हणून आमचे अभ्यास चालतात.

टिकलीचं मोजमाप कळव. उंची वाढली का?


६ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

उंची वाढली. शाळेच्या गणवेशाची दुमड उसवली तरी पुरेना. पण आज ते सांगायला लिहीत नाही.

खिडकीवाली परत आजारी पडली. मागच्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा ती कट्ट्यावर नव्हती. आत पलंगावर होती, अंगावर ठिपके आणि दोन्ही मनगटं भाकरीसारखी फुगलेली. टिकलीला पाहून तिनं हात चादरीखाली घेतले. तिला लगेच खरं औषध सुरू केलं, तुझ्या पत्रात होतं तसंच. डॉक्टरबाई म्हणाल्या, उतार पडेल. पण तिची आई माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "तिला पाणीच मिळत असणार. शक्यता निम्मी निम्मी होती, मीच वर्गात शिकवते. पण स्वतःच्या पोरीवर आलं की गणित कुठं जातं कळत नाही." मग माझा हात धरून म्हणाली, "तुझी तरी चांगली आहे."

वन्सं, मला तो हात सोडवून घ्यावासा वाटला.

मला माहीत आहे ना माझी का चांगली आहे ते. तू केलंस. मीच विचारलं होतं, आणि तू स्वतःला धोक्यात घालून आपल्या माणसासाठी केलंस. जूनमध्ये मला त्याचा अभिमान वाटला. माहेरी सांगितलं, दादाच्या मित्रांत सांगितलं की नणंद असावी तर अशी. पण औषधाच्या जागा मोजक्या असतील, तर टिकलीला जी मिळाली ती कुणाची तरी होती. ती खिडकीवालीची असली तर? टिकली समोर उड्या मारते आणि मला तिच्याकडे बघवत नाही. कसली आई मी.

तू जे केलंस ते उलटं करता येत असेल तर कर. टिकलीचं त्या मुलीला जाऊ दे. दादाला दाखवलेलं नाही.

वहिनी


१० ऑक्टोबर

वहिनी,

तुझं पत्र आज मिळालं, आजच लिहिते.

मी काहीही केलेलं नाही. नीट वाच. मी काही केलं नाही, करू शकत नव्हते, आणि करता आलं असतं तरी केलं नसतं. टिकलीला औषध मिळतंय की पाणी, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तू कुणाचं काही घेतलेलं नाहीस.

"चांगल्या हातांत आहे" हे मी डॉक्टरबाईंविषयी लिहिलं होतं. "पुढचं विचारू नकोस" लिहिलं, कारण तू पुन्हा विचारलं असतंस तर नाही म्हणायला मला फार जड गेलं असतं. तुझ्या जुलैच्या पत्रात "शहाण्याला शब्दाचा मार" होतं. मी ते घाईत वाचलं आणि वाटलं, वहिनीला घंटेची गोष्ट समजली. दोघी शहाण्या, आणि दोघींनी एकमेकींचं भलतंच वाचलं.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. टिकलीचं नाव चिठ्ठ्यांच्या टप्प्यात येणार हे कळलं त्या दिवशी मी वरच्यांना जाऊन सांगितलं की ही माझी भाची आहे. त्यांनी विचारलं, काय करूया? मीच म्हटलं, मला या कामावरून काढा. म्हणून दुसरं टेबल. मुलांच्या पेशी बशीत घेऊन, त्यांना डिवचून, त्या किती जोरात ओरडतात, म्हणजे घंटा किती वाजते, हे बघायची पद्धत मी बसवली होती. कोणाला औषध थांबवता येईल याचं उत्तर त्या ओरडण्यात आहे असं मला वाटतं. ते आता सहकारी बघतो. मला वाईट वाटतं, वाटणारच. पण माझा हात त्या नळ्यांजवळ असता तर आज मी तुला हे पत्र लिहू शकले नसते, आणि तू त्यावर विश्वास ठेवला नसतास.

खिडकीवालीच्या आईचा हात सोडू नकोस. सोडायचं काही कारण नाही.


२ नोव्हेंबर

वन्सं,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा हायसं वाटलं. चहा उकळेपर्यंत टिकलं ते. मग डोक्यात आलं, म्हणजे आपल्याही पोरीला पाणीच असू शकतं.

खरं सांगते, तुझा राग आला. जुलैपासून मी डोळे मिटून बसले होते ते तुझ्या भरवशावर, आणि तू म्हणतेस भरवसा नव्हताच. नियमावर बोट ठेवणं सोपं असतं, ज्याला स्वतःचं पोर नाही त्याला. हे मी लिहिणार नव्हते. पण लिहिलंय तर खोडत नाही. तू समजून घेशील.

मग व्हायचं तेच झालं. गुरुवारी संध्याकाळी टिकलीला ताप भरला. संध्याकाळच. मी तिचा सदरा वर करून ठिपके शोधत होते आणि ती ओरडत होती, "आई, गुदगुल्या होतात." दादा पंपावरून तसाच आला. रिक्षा करून निघालो. मी मनाशी ठरवलं होतं, आज नाव काढून घ्यायचं. बस झाला अभ्यास.

डॉक्टरबाईंनी मनगटं दाबली, गुडघे वाकवले, घोटे फिरवले. मग म्हणाल्या, "आ कर." घसा लाललाल. "शाळेत कुणाला सर्दी आहे?" टिकली म्हणाली, "सगळ्या बाकाला." साधी सर्दी, वन्सं. लेकराला साधी, चारचौघांसारखी सर्दी झाली आणि आम्ही दोघं नवराबायको तिथं वेड्यासारखे हसत होतो.

तरीही मी नाव काढायचं बोलले. टिकलीसमोरच. दादा म्हणाला, "तिला विचार ना, हात तिचा आहे." मी म्हटलं, तिला काय कळतंय. तर ती मला म्हणाली, "मला दुखत नाहीये. मग तुला कुठं दुखतंय?"

मग डॉक्टरबाईंनी तिला सगळं सांगितलं, पाणी, औषध, चिठ्ठी, लपवाछपवी न करता. तिनं विचारलं, "दुखलं तर लगेच थांबणार?" त्या म्हणाल्या, त्याच दिवशी. ती म्हणाली, "मग टोचा."

नाव तसंच ठेवलंय. सर्दी गेली, ताप परत आला नाही. वर जे लिहिलं ते मागं घेते.


११ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

मागं घ्यायची गरज नाही. मला मूल नाही हे खरं आहे. पण तुझं पत्र येईपर्यंत रोज सकाळी मी सहकाऱ्याच्या टेबलावरून जाताना मान दुसरीकडे वळवत होते. ओळखीच्या आकड्यांची नळी दिसेल म्हणून नव्हे. आकडे मला माहीतच नाहीत. त्याला विचारून बसेन म्हणून. एकदा तो जेवताना स्वतःहून काही सांगायला लागला, तर मी डबा उचलून बाहेर पायरीवर जाऊन जेवले. त्याला वाटलं, त्याच्या बोलण्याला कंटाळले. तेही खोटं नव्हतं.

तुझ्याइतकीच घाबरलेली आहे मी. मला ते नीट दाखवता येत नाही एवढंच.

सर्दीसाठी अभिनंदन. असं अभिनंदन आजवर कुणी कुणाचं केलं नसेल.


२३ एप्रिल

प्रिय वन्सं,

चिठ्ठ्या उघडल्या. तुला तिकडून कळलंच असेल, पण माझ्याकडूनही ऐक.

आम्हाला तिघांना आत बोलावलं. डॉक्टरबाई कधी घोळ घालत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी आधी खिडकी लावली, मग पंखा कमी केला. मग म्हणाल्या, "टिकलीला पहिल्या चिठ्ठीपासून पाणी होतं."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, औषध ना? त्या म्हणाल्या, नाही, नुसतं मिठाचं पाणी. जुलैपासून. ती आपल्या बळावर चांगली राहिली आहे.

टिकली म्हणाली, "म्हणजे मी उगाच रडले सुईला?" दादा इतका वेळ टोपी फिरवत बसला होता. तो म्हणाला, "आयुष्यभर लोकांना पाणी पाजलं, पण आमच्या घरात असं कुणी पाजलं नव्हतं." आणि बाहेर निघून गेला. थोड्या वेळानं आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

आता टोचणी बंद. परत कधी येणार नाही असं कुणी लिहून देत नाही, त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. दर काही महिन्यांनी दाखवायचं. पण बंद. घंटा बरी झाली म्हणायची का गं? का नुसती झोपली आहे? तुला तरी माहीत आहे का?

खिडकीवालीलाही पाणीच होतं, तिच्या आईनंच बाहेर मला सांगितलं. दोघींना एकच. एकीची मनगटं सुजली आणि एकीची नाही. तिला टोचणी चालू राहणार, ती आता चांगली आहे, पण टोचणीवर. हे कळल्यावर मला पुन्हा ते जुनं वाटायला लागलं. ऑक्टोबरमध्ये निदान असं तरी होतं की आपल्याला काहीतरी मिळालं आणि तिला नाही. आता तर तेही नाही. दोघींना तेच पाणी आणि माझी चांगली. हे तिच्या आईला कोणत्या तोंडानं सांगायचं?

पण न सांगता बसवेना. रविवारी तिच्या घरी गेले. ती ओट्यापाशी वह्या तपासत होती, एका हातात लाल पेन आणि एका हातात पळी. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तिनं गॅस बंद केला. पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, गेली ही मैत्री.

मग म्हणाली, "दोघींना एकच दिलं, आणि उत्तर वेगळं आलं?"

मी म्हटलं, हो.

"मग फरक मुलींच्यात आहे. औषधात नाही."

मी म्हटलं, वन्सं तसंच म्हणते. तो फरक रक्तात दिसतो का, हेच ती शोधते.

"मग शोध म्हणावं. दोघींचं शेजारी शेजारी ठेवून शोध. माझीचं हवं तितकं घ्या." आणि मग तिचा आवाज फुटला. मी तिच्याजवळ गेले. ती माझ्या खांद्यावर रडली, आणि रडता रडता म्हणाली, "मला तुझा हेवा वाटतो गं." मी म्हटलं, वाटू दे. मला राग येत नाही.

टिकलीला खरं तर आता रक्त द्यायचं कारण नाही. मी तिला तसं सांगितलं. म्हटलं, अभ्यास संपला, तुझी सुटका झाली. तिनं विचारलं, खिडकीवालीची झाली का? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग मी पण येते.

काल दोघींना घेऊन गेलो. सुईबाईंनी शेजारी शेजारी दोन खुर्च्या मांडल्या. आधी टिकली, मग ती. टिकली रडली. औषध असो, पाणी असो, सुई ती सुईच, असं तिचं म्हणणं. दोन नळ्या काल संध्याकाळच्या गाडीनं तिकडे निघाल्या आहेत. डॉक्टरबाई म्हणाल्या, तू आता जुन्या टेबलावर परत गेलीस. मला आनंद झाला. आता तू बघू शकतेस, कुणाचं काही बिघडत नाही.

नळ्यांवर आकडेच असतील. त्यातली आपली कुठली हे विचारू नकोस, मीही सांगणार नाही. दोन्ही आपल्याच समजून बघ.

तुझी वहिनी